काकांची बिडी, हळद आणि खारघरचे उंदीर

आधीच सांगतो, मी डॉक्टर नाही. बायोलॉजी बारावीनंतर सुटली ती सुटलीच, आणि पोटापाण्यासाठी मी दिवसभर दुसऱ्यांच्या कोडमधले बग शोधतो. हा लेख खरं तर एका बगचाच आहे. फरक एवढाच की तो मी स्वतः घरात आणून ठेवला होता.

तर झालं असं. मागच्या महिन्यात गावी गेलो होतो. आमचं गाव खामगाव तालुक्यात, घाटाखाली. (बुलढाणा जिल्ह्यातला माणूस परमुलखात भेटला की पहिला प्रश्न हाच, घाटावरचे का घाटाखालचे? आडनाव नंतर.) काका एकोणसाठ वर्षांचे आहेत, मिसरूड फुटल्यापासून बिडी ओढतात, आणि गेली दोनेक वर्षं सकाळी उठल्यावर पंधरा मिनिटं खोकतात. बिडी सोडा असं सांगून घरातले सगळे थकलेत. म्हणून मी शहरातून येताना मेडिकलमधून एक महागडी बाटली घेऊन गेलो. लेबलवर हिरवं पान, त्याखाली बीटा कॅरोटीन, ई जीवनसत्त्व, सी जीवनसत्त्व, हळदीचा अर्क, आणि सगळ्यात मोठ्या अक्षरात अँटिऑक्सिडंट.

"हे कायच्या गोया व्हय रे बापू?" काकांनी विचारलं.

"अँटिऑक्सिडंट आहे काका. धुरानं फुप्फुस आतून गंजतं ना, ते कमी होतं. तुम्ही रोज एक घ्या."

आठ दिवसांनी काकूचा फोन. "तुह्या काकाची बिडी वाढली रे. आधी एका कट्ट्यात भागत जाय, आता दीड लागते. म्हनते, गोया हायेत ना आता."

मी हसलो. मग रात्री जरा अस्वस्थ वाटलं म्हणून बीटा कॅरोटीन आणि फुप्फुस एवढेच शब्द टाकून शोधलं, आणि हसू गेलं.

फिनलंडमध्ये 1985 ते 1993 या काळात एक भली मोठी चाचणी झाली. 29,133 पुरुष, सगळे धूम्रपान करणारे, वय 50 ते 69, म्हणजे माझ्या काकांच्याच वयाचे. काहींना बीटा कॅरोटीन, काहींना ई जीवनसत्त्व, काहींना दोन्ही, काहींना नुसती खोटी गोळी. पाच ते आठ वर्षं. अपेक्षा अशी की कॅन्सर कमी होईल. 1994 साली निकाल छापून आला. बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कॅन्सर 18 टक्क्यांनी जास्त! ई जीवनसत्त्वाने या बाबतीत ना फायदा ना तोटा. लोकांना वाटलं काहीतरी चुकलं असेल. पण अमेरिकेत तशीच दुसरी चाचणी चालू होती. 18,314 माणसं, धूम्रपान करणारी, सोडलेली किंवा अ‍ॅस्बेस्टॉसमध्ये काम केलेली. त्यांना बीटा कॅरोटीन आणि अ जीवनसत्त्व दिलं जात होतं. तिथे 28 टक्के जास्त कॅन्सर निघाले आणि जानेवारी 1996 मध्ये ती चाचणी मुदतीआधीच बंद करावी लागली.

म्हणजे मी काकांना नेमकी तीच गोळी नेऊन दिली होती, जिची बिडी-सिगरेटवाल्यांवर परीक्षा होऊन ती नापास झालेली आहे. तीसेक वर्षांपूर्वी!

आता प्रश्न असा, की मग हळदीचं काय? तीही त्याच बाटलीत होती. ते शोधताना मी खारघरला पोचलो. तिथे थांबायला हवं, कारण ही गोष्ट आपल्या घरची आहे आणि आपल्यालाच फारशी माहीत नाही.

खारघरची सुरुवात परळला होते. 1941 साली तिथे टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. 1952 मध्ये शेजारीच भारतीय कॅन्सर संशोधन केंद्र निघालं, त्याचे पहिले संचालक डॉ. वसंत रामजी खानोलकर. पुढे त्याचंच नाव कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूट झालं. खानोलकरांचा एक ध्यास होता. आपल्याकडच्या माणसाला होणारा कॅन्सर युरोपातल्या पुस्तकातून कळणार नाही, तो इथल्या माणसाच्या सवयींत शोधला पाहिजे. 1955 साली त्यांनी डॉ. एल. डी. संघवी आणि राव यांच्याबरोबर ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये एक निबंध छापला. टाटातल्या रुग्णांना पान, तंबाखू, बिडीबद्दल विचारून तोंड-घशाच्या कॅन्सरशी त्याचा मेळ घातलेला होता. हे संघवी मूळचे मानवी आनुवंशिकीचे माणूस. पुढे 1974 मध्ये त्यांनी अमेरिकेतल्या हॉफमन आणि वाइंडर यांच्याबरोबर भारतीय बिडी आणि अमेरिकन सिगरेट यांच्या धुराची रासायनिक तुलना केली.

बिडीत तंबाखू असतोच किती? जेमतेम पाव ग्रॅम, सिगरेटच्या एक तृतीयांशाच्या आसपास. म्हणून आमच्या गावात सगळ्यांचं मत असं की सिगरेट वाईट, बिडी आपली साधी. पण मोजल्यावर उलटं निघालं. बिडीच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड, फिनॉल, हायड्रोजन सायनाइड आणि काजळीतली विषं जास्त. टेंभुर्णीच्या पानातून हवा नीट जात नाही, बिडी विझू पाहते, ती पेटती ठेवायला माणूस जास्त वेळा आणि जोरात ओढतो. काका बोलता बोलता तीनदा काडी लावतात ते उगीच नाही.

त्या काजळीतल्या विषांपैकी एकाचं नाव लक्षात ठेवा, पुढे सारखं येणार आहे. बेंझोपायरीन. 1775 साली लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट नावाच्या सर्जनने धुराडी साफ करणाऱ्या पोरांना पुढे होणारा कॅन्सर काजळीमुळे होतो असं लिहिलं. 1915 मध्ये जपानमध्ये यामागिवा यांनी सशाच्या कानाला महिनोन्‌महिने डांबर लावून कॅन्सर करून दाखवला. 1933 मध्ये त्या डांबरातून हे बेंझोपायरीन वेगळं काढलं गेलं. काहीही अर्धवट जळलं की ते तयार होतं. बिडीत, चुलीत, डिझेलच्या धुरात.

गंमत म्हणजे (गंमत कसली!) ते स्वतः तसं निरुपद्रवी आहे. ते पाण्यात विरघळत नाही, म्हणून शरीर त्याला बाहेर टाकायला बघतं. त्यासाठी पहिल्या टप्प्यातली एन्झाइम त्याला ऑक्सिजन चिकटवतात आणि दुसऱ्या टप्प्यातली त्याला विरघळणारी शेपटी लावून हाकलून देतात. घोळ होतो तो मधे. पहिला टप्पा झालाय, दुसरा व्हायचाय, अशा अवस्थेतला रेणू भयंकर चिकट असतो आणि तो जाऊन डीएनएलाच चिकटतो. आमच्या भाषेत अर्धवट कमिट झालेलं ट्रॅन्झॅक्शन. सगळा डेटाबेस खराब करायला तेवढं पुरतं. 1996 मध्ये डेनिसेंको आणि फायफर यांनी दाखवलं की हा रेणू पी-53 नावाच्या जनुकावर नेमका त्याच ठिकाणी जाऊन बसतो, जिथे फुप्फुसाच्या कॅन्सरमध्ये बिघाड सापडतात. चोराच्या बोटांचे ठसेच म्हणा.

याखेरीज धुरातून मोकाट ऑक्सिजनयुक्त रेणू येतात ते वेगळेच. ते समोर दिसेल त्याचा इलेक्ट्रॉन ओढून घेतात, आणि पेशी जेवढे आवरू शकते त्यापेक्षा ते जास्त झाले की त्याला ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात. माझं काकांना सांगितलेलं गंजणं ते हेच. तेवढं मात्र बरोबर होतं. (पान खाणाऱ्यांनीही फार खूश होऊ नये. 1987 मध्ये उर्मिला नायर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की सुपारी आणि कात चुन्याच्या तीव्र क्षारतेत आले की परीक्षानळीत हेच मोकाट रेणू तयार होतात. आपला चुना नुसता रंगाला नसतो.)

आता डॉ. गिरीश मारू. परळच्या याच कॅन्सर रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, आणि संस्था खारघरला गेल्यावर तिथल्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये, त्यांच्या प्रयोगशाळेने वर्षानुवर्षं एकच प्रश्न लावून धरला. बेंझोपायरीन आणि डीएनए यांच्या मधे काही घुसवता येईल का? आणि घुसवायला त्यांनी काय निवडलं, तर आपल्या स्वयंपाकघरातल्या दोन गोष्टी. हळद आणि काळा चहा.

1997 मध्ये देशपांडे, इंगळे आणि मारू यांचा एक निबंध आला. हळदीतला पिवळा कर्क्युमिन काढून टाकला आणि उरलेला पाण्यातला अर्क उंदरांना दिला, तरी बेंझोपायरीनने जठरात होणाऱ्या गाठी कमी झाल्या. मला हा प्रयोग फार आवडला. सगळं जग पिवळ्या रंगाच्या मागे लागलेलं असताना यांनी विचारलं, रंग काढला तर? (त्याच वर्षी हळदीने जखम भरते या "शोधा"चं अमेरिकन पेटंट रद्द झालं होतं. डॉ. माशेलकरांच्या नेतृत्वाखाली सीएसआयआरने ते लढवलं. त्या बातमीला मथळे मिळाले, परळच्या उंदरांना कोण विचारतो.) मग 2000 नंतरच्या निबंधांत हळदीमुळे डीएनएला चिकटणारा माल कमी का होतो ते आलं. पहिल्या टप्प्यातल्या एन्झाइमांना कर्क्युमिन आवरतो.

माझ्या प्रश्नाचं उत्तर मात्र 2008 च्या निबंधात होतं. गर्ग, गुप्ता आणि मारू, कार्सिनोजेनेसिस नावाच्या नियतकालिकात. उंदरांच्या खाण्यात कर्क्युमिन, आणि वरून बेंझोपायरीन. त्यांना दिसलं की उंदरांच्या यकृतात आणि फुप्फुसात पहिल्या टप्प्यातली एन्झाइम कमी वाढतात आणि दुसऱ्या टप्प्यातली, म्हणजे हाकलून देणारी, वाढतात. आणि ही दुसरी वाढ होते ती एनआरएफ-2 नावाच्या प्रथिनामार्फत.

हा एनआरएफ-2 म्हणजे पेशीचा कोतवाल. 1994 मध्ये तो सापडला. 1999 मध्ये जपानमध्ये यामामोटो यांच्या गटाने त्याला अडकवून ठेवणारा कीप-1 शोधला. यंत्रणा बघून मी खुर्चीतून उठलो, इतकी ती ओळखीची वाटली. पेशी एनआरएफ-2 सतत बनवत राहते आणि कीप-1 त्याला सतत मारायला पाठवत राहतो. शांततेच्या काळात कोतवाल जन्मतो आणि काही मिनिटांत संपतो. पण धूर, विष, मोकाट रेणू आत आले की ते कीप-1 वरच्या गंधकाच्या अणूंना लागतात, कीप-1 ची पकड सुटते, आणि जमा झालेला एनआरएफ-2 केंद्रकात जाऊन संरक्षणाची डझनावारी जनुकं चालू करतो. कर्क्युमिनही त्याच गंधकाला छेडतो. म्हणजे हळद स्वतः आग विझवण्यापेक्षा आगीची घंटा वाजवण्याचं काम जास्त करते. अँटिऑक्सिडंट हा शब्द मी काकांना सांगितला तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर पोतेऱ्यासारखं काहीतरी होतं, मोकाट रेणू पुसून घेणारं. ते चित्र बरंचसं चुकीचं होतं.

इथवर वाचून तुम्ही म्हणाल, मग चांगलंच आहे की. घंटा वाजू दे. मलाही रात्री दीडला असंच वाटलं.

पण 2006 मध्ये अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्समधून शाम बिस्वाल यांच्या गटाचा निबंध आला होता, पहिलं नाव अंजू सिंग. त्यांनी फुप्फुसाच्या कॅन्सरच्या पेशी आणि गाठी तपासल्या आणि त्यातल्या काहींत कीप-1 चं जनुकच बिघडलेलं सापडलं. कीप-1 बिघडला म्हणजे एनआरएफ-2 ला आवरणारा कुणी नाही. घंटा कायमची चालू. संरक्षणाची सगळी यंत्रणा चोवीस तास कामावर, पण आता ती कुणाचं संरक्षण करतेय? कॅन्सरच्या पेशीचं. किमोथेरपीचं औषध आत आलं की हाच कोतवाल त्याला विष समजून हाकलून देतो. 2012 मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या जनुकीय पाहणीत फुप्फुसाच्या स्क्वेमस प्रकारच्या, म्हणजे धूम्रपानाशी घट्ट नातं असलेल्या कॅन्सरच्या साधारण एक तृतीयांश गाठींत या मार्गात बिघाड निघाला. अपवाद म्हणून सोडून द्यावा इतका हा आकडा लहान नाही. 2014 मध्ये स्वीडनच्या बर्गो यांच्या गटाने ज्या उंदरांत फुप्फुसाच्या गाठी सुरू झाल्या होत्या त्यांना ई जीवनसत्त्व आणि एनएसी ही अँटिऑक्सिडंट दिली, तर गाठी वेगाने वाढल्या. मोकाट रेणू कमी झाले, डीएनएची मोडतोड कमी झाली, मग पी-53 ला धोका कळलाच नाही आणि तो गप्प बसला.

मारूंचा 2008 चा उंदीर आणि बर्गोंचा 2014 चा उंदीर या दोघांत फरक काय? मारूंच्या उंदराच्या फुप्फुसात अजून गाठ नव्हती. विष दारात होतं. बर्गोंच्या उंदराच्या घरात चोर शिरून राहायला लागला होता. मग चाळीस वर्षं बिडी ओढलेल्या माणसाचं फुप्फुस यातलं कुठलं? बाहेरून सांगता येत नाही. फिनलंडच्या निकालाचं पक्कं कारण यातच आहे असं मी म्हणणार नाही, बीटा कॅरोटीन धुरात कसं वागतं याच्या स्वतंत्र भानगडी आहेत. पण माझ्यापुरता हिशेब स्पष्ट झाला. न लागलेल्या आगीसाठीची घंटा मी आग लागलेली असू शकते अशा घरात वाजवायला निघालो होतो, आणि वर घरमालकाला सांगितलं होतं की आता काडी लावली तरी चालेल.

खारघरच्या कामाचं मोल यामुळे कमी होत नाही. 2017 मध्ये तिथूनच हुडलीकर, मारू, मनोज महिमकर आणि सहकाऱ्यांचा निबंध आला. काळ्या चहातली गडद रंगाची पॉलिफिनॉल वेगळी काढून ती उंदरांना पाण्यातून दिली. बेंझोपायरीन आणि तंबाखूतलं नायट्रोसॅमाइन मिळून या जातीच्या उंदरांच्या फुप्फुसात हमखास गाठी करतात, त्यांची संख्या कमी झाली. कमी झाली, शून्य नाही. या लोकांनी कधी गोळी विकली नाही. कुठल्या टप्प्यावर काय अडतं एवढंच सांगितलं, आणि तेही एका वेळी एक टप्पा. बाटलीवर हिरवं पान छापणाऱ्याने त्यातला एक टप्पा उचलला. अर्थात मीही तेच केलं. इंजिनियर माणसाने निदान टेस्ट केसेस कुणावर चालवल्यात एवढं तरी बघायला हवं होतं.

एखाद्या संशोधकाचा प्रभाव मोजायचा कसा? त्याच्या निबंधाचा दाखला किती जणांनी दिला ते मोजतात. मी शोधत होतो ते वेगळंच, खामगाव तालुक्यात बिडी ओढणाऱ्या एका माणसापर्यंत यातलं काय पोचलं? संघवींचं 1974 चं बिडीचं मोजमाप पोचलं नाही, आमच्याकडे बिडी अजून "साधी"च आहे. मारूंचा 2008 चा निबंध पोचला, पण अर्धाच आणि बाटलीत भरून, माझ्या हातून.

काकांना फोन केला. गोळ्या बंद करा म्हटलं. एनआरएफ-2 सांगण्यात अर्थ नव्हता, म्हणून दुसरा आकडा सांगितला. 2000 साली रिचर्ड पेटो यांनी ब्रिटनमधल्या माणसांवरून काढलेला. जन्मभर ओढत राहिलेल्या शंभर पुरुषांतले साधारण सोळा जण पंच्याहत्तरीपर्यंत फुप्फुसाच्या कॅन्सरने जातात. साठाव्या वर्षी सोडली तर दहा, पन्नासाव्या वर्षी सहा, चाळिसाव्या वर्षी तीन. (सिगरेटवाल्यांचे आकडे आहेत, बिडीवाल्यांचे नाहीत, हेही सांगितलं.)

पलीकडे बराच वेळ शांतता.

"म्हंजे मह्यासाठी अजून दहाचं दार उघडं हाय."

"हो. पुढच्या वर्षी साठ होतील तुम्हाला."

"अन्‌ ह्या गोया? पैसे गेले ना तुह्ये."

"जाऊ द्या काका. हळद भाजीत घालते ना काकू, तेवढी पुरे."

"चहा?"

"चहा प्या."

"बिडीशिवाय चहा..." एवढं म्हणून ते थांबले, आणि मग खोकले. काकूने फोन घेतला. गोळ्या तिने टाकून दिल्यात. बिडी एका कट्ट्यावर परत आली आहे, त्याखाली अजून नाही. खोकल्याचं मात्र मी या वेळी ऐकून सोडून दिलं नाही. सोमवारी खामगावला छातीचा एक्स-रे काढायचा ठरलाय. शुक्रवारी रात्रीच्या गाडीचं रिझर्व्हेशन मिळालं, मॅनेजरला मेल टाकली आहे.